राखीव डिस्कचा हिरवा दिवा

मंडळी, मी आपल्या शहरातल्या एका स्कॅन सेंटरचा सर्व्हर सांभाळतो. पेशंटांचे जुने स्कॅन त्यातच असतात. सर्व्हरमधली एक डिस्क मेली तर चालतं, दोन मेल्या की सगळं जातं; म्हणून एक मेली, की राखीव डिस्क तिची जागा घेते. फक्त ती त्याच प्रकारची लागते.

मागे तपासणीला पथक येणार होतं. आमच्या सरांना राखीव खण रिकामा बघवेना. कपाटातली भलत्याच प्रकारची डिस्क त्यांनी तिथं बसवायला लावली.

"सर, वेळेला ही कामाची नाही."

"दिवा हिरवा लागला ना? मग झालं!"

पथकही दिवा बघून खूश होऊन गेलं. बॅकअपचा विषय सरांनी पुढच्या वर्षावर ढकलला.

आज एक डिस्क मेली. राखीव नुसती बघत बसली. योग्य डिस्क येईपर्यंत दुसरीही गेली, आणि सगळे स्कॅन गेले.

काउंटरवर सिल्लोडचे सलीमभाई आईला घेऊन तिच्या जुन्या स्कॅनसाठी उभे होते. सर म्हणाले, "नवा स्कॅन फुकट काढून देतो."

"नवा तर काढाल हो साहेब. पण अम्मीची गाठ वाढली का घटली, ते डॉक्टर कशावरनं सांगतील?"



मी सर्व्हरपाशी परत आलो. राखीव डिस्कचा दिवा अजून हिरवाच आहे. तुमच्याकडच्या हिरव्या दिव्यांमागं काय आहे, कुणी बघितलंय का?