यशोधराचा उजवा हात आणि न पोहलेला सीझन

माझ्या मुलीच्या आजाराचं नाव मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ऐकलं. यशोधरा मिशिगनमध्ये, तिच्या कॉलेजच्या गावी ॲन आर्बरला, एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होती आणि मी इकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला. तिने फोन स्पीकरवर टाकला होता. डॉक्टर सांगत होते, “अल्ट्रासाउंडमध्ये क्लॉट दिसतोय. उजव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. तिला आजच ॲडमिट करतोय.”

“पण ती जेमतेम वीस वर्षांची आहे,” मी म्हणाले. “रोज पोहते.”

“पोहते म्हणूनच,” डॉक्टर म्हणाले.

आजाराचं नाव एफर्ट थ्रॉम्बोसिस. सोप्या भाषेत सांगायचं तर, हात पुन्हा पुन्हा डोक्यावर नेणाऱ्या खेळाडूंमध्ये गळ्याचं हाड आणि सर्वात वरची बरगडी यांच्यामधल्या अरुंद जागेत शीर चेपली जाते. रोज चेपून चेपून ती आतून दुखावते आणि तिथे रक्त गोठतं. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. यशू कॉलेजच्या टीममध्ये बटरफ्लाय पोहते, म्हणजे दोन्ही हात एकदम डोक्यावरून पुढे फेकत. दिवसातून किती वेळा तिचे हात डोक्यावरून जात असतील, कुणी मोजलं असेल?

मी तशीच गाडी काढली. नवरा, प्रशांत, मुंबईच्या कॉलवर होता. तो कॉल अर्धवट सोडून वाटेत माझ्या गाडीत बसला.

हॉस्पिटलमध्ये तिचा हात पाहिला. उजवा हात डाव्यापेक्षा जाड, त्वचा निळसर, खांद्यावर आणि छातीवर शिरांचं जाळं उठलेलं. हे एका दिवसात झालं नव्हतं. हुडीची एक बाही घट्ट होतेय, हे तिला बरेच दिवस जाणवत होतं. स्नायू भरला असेल म्हणून ती बर्फ लावत राहिली. टीमच्या ट्रेनरने स्वतःहून दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले, म्हणून ती इमर्जन्सीत पोचली.

“आधी का नाही सांगितलंस?” प्रशांतने विचारलं.

“बाबा, सीझन सुरू होत होता. आणि शूट होतं.”

शूटबद्दल सांगायला हवं. इथल्या कॉलेजच्या खेळाडूंना आता स्वतःच्या नावावर आणि फोटोवर जाहिराती करता येतात. यशूचा पोहण्याचे कपडे आणि गॉगल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीशी करार झाला होता. त्यांचा सूट घालून पूलमधले व्हिडिओ टाकायचे, एवढंच काम. नागपूरला माझ्या बहिणीने तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्या शूटला यशूने सूटवर पूर्ण बाह्यांचं जॅकेट घातलं, सूज दिसू नये म्हणून.

गाठ विरघळवण्यासाठी तिच्या दंडातून बारीक नळी शिरेत घातली आणि औषध थेट गाठीत सोडलं. याला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. मग एक सर्जन बाई आल्या. सावकाश बोलणाऱ्या. खुर्ची ओढून यशूच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या.

“गाठ गेली, पण जागा अरुंदच आहे. ती वरची बरगडी काढली नाही तर हे पुन्हा होईल. त्या बरगडीवाचून तुझं काही अडणार नाही.”

“आणि सीझन?”

“या वर्षी नाही.”

यशूने मान भिंतीकडे वळवली. सर्जन उठून गेल्या नाहीत. ती परत वळेपर्यंत बसून राहिल्या. मला त्या बाईंची शस्त्रक्रिया जितकी आठवते, तितकंच ते बसणं आठवतं.

ऑपरेशन चालू असताना आम्ही वेटिंग रूममध्ये होतो. तिथे एक स्क्रीन असतो, ऑपरेशन कुठवर आलं तसा त्यावर पेशंटच्या नंबरासमोर रंग बदलतो. मी त्या रंगाकडे बघत होते आणि प्रशांत माझ्याकडे. ओळखदेख नसताना, कुणाकडून तरी कळलं म्हणून, विद्यापीठात पीएचडी करणारी दोन मराठी मुलं खिचडीचा डबा घेऊन आली. “काकू, जेवून घ्या, आम्ही बसतो इथे,” म्हणाली. परक्या गावात असं कुणी काकू म्हटलं की माणूस किती सावरतं, हे त्या दिवशी कळलं.

कोच भेटायला आले. तिची टीममधली जागा कायम राहील, सीझन बाहेर बसून काढला तरी कॉलेजकडून खेळायच्या ठरावीक वर्षांतलं एक वाया जाऊ नये म्हणून कॉलेज अर्ज करेल, असं त्यांनी समजावलं. याला इथे रेडशर्ट म्हणतात. म्हणजे टीममध्ये असायचं, पण स्पर्धेत उतरायचं नाही. ऐकायला सोपं आहे. आपल्या मैत्रिणी पाण्यात आणि आपण काठावर कोरडे, हे विसाव्या वर्षी सोपं नसतं. ब्लड थिनर, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू होती. फिजिओथेरपीत आठवडाभर झटून हात जेमतेम खांद्यापर्यंत वर यायचा आणि ती रडकुंडीला यायची.

सूट बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रुक नावाच्या बाईंचा फोन आला. त्या खरंच प्रेमाने बोलल्या. करार मोडायचा प्रश्नच नाही, उलट आपण कमबॅकची मालिका करू, म्हणाल्या. दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ आणि शेवटी, नवा सूट बाजारात येईल त्या दिवशी, यशू पाण्यात.

ती तारीख सर्जननी पुन्हा पोहण्यासाठी सांगितलेल्या मुदतीच्या बरीच आधीची होती.

“नुसतं कमरेपर्यंत पाण्यात उभं राहायचंय, आई. हात वर करायचा नाही.”

“मग पोहतेस असं का दाखवायचं?”

“कारण नाहीतर मी कुठेच नाहीये. यू डोन्ट गेट इट. टीमच्या फोटोत नाही, रिझल्टमध्ये नाही. निदान इथे तरी राहू दे ना.”

दर आठवड्याचे व्हिडिओ सुरू झालेच होते. खरं तर मलाही ते व्हिडिओ आवडत होते. त्यात ती रबर बँड ओढत व्यायाम करायची आणि हसत असायची.

तपासणीला गेलो तेव्हा तिने स्वतःच सर्जनना विचारलं. त्या म्हणाल्या, “जखम भरली आहे, पाण्यात उभं राहायला माझी हरकत नाही. पण तू बरी झालीस असं मी अजून म्हटलेलं नाही. तू म्हणू नकोस.” एवढंच.

यशूने मान डोलावली, पण शूट रद्द केलं नाही.

मग एका शाळकरी मुलीचा मेसेज आला. वॉटर पोलो खेळणारी, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली. तिने लिहिलं होतं, माझाही हात सुजतो आणि जड होतो, तुझे व्हिडिओ पाहून मी तेच रबर बँडचे व्यायाम करतेय, तुझ्यासारखीच लवकर बरी होईन.

यशू थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली होती. मी स्वयंपाकघरात होते. ती फोन घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कंपनीने कापून जोडलेल्या व्हिडिओंमध्ये गाठ नव्हती, बरगडी नव्हती, हॉस्पिटलही नव्हतं. होते ते रंगीत रबर बँड आणि हसणारी यशू.

तिने त्या मुलीला फोन लावला. “तुझी आई घरात आहे? तिला दे,” म्हणाली. त्या अनोळखी आईला तिने सगळं सांगितलं. सूज, रंग, गाठ, फुप्फुस, सगळं. “प्लीज, आत्ता जा. प्रॅक्टिस झाल्यावर नाही, आत्ता.”

संध्याकाळी उत्तर आलं. गाठ नव्हती. स्नायू दुखावला होता, विश्रांती सांगितली. यशू आधी हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. हॉस्पिटलमध्येही ती इतकी रडली नव्हती.

“तिला असती तर, आई?”

दुसऱ्या दिवशी तिने ब्रुकबाईंना कळवलं की पाण्यातला व्हिडिओ होणार नाही. स्वतःच्या खोलीत, बिनबाह्यांच्या टीशर्टमध्ये, काखेजवळचा व्रण दाखवत तिने वेगळा व्हिडिओ केला. त्यात ती मध्येच अडखळते, केस विस्कटलेले आहेत. हात जाड वाटला तर दोन्ही हात शेजारी धरून बघा, आणि फरक दिसला तर डॉक्टरकडे जायला थांबू नका, असं ती सांगते. शेवटी म्हणते, मी अजून बरी नाहीये. कंपनीने नम्रपणे करार संपवला. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांना सूट विकायचे होते.

मी हे लिहितेय ते पोहणाऱ्या, टेनिस, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी. मुलं दुखणं लपवतात ती लबाडीने नाही. त्यांना जागा जाण्याची भीती वाटते. फोनवर “कशी आहेस” विचारलं की “फाइन” येतं. मी आता विचारते, “काय दुखतंय?” मग उत्तर येतं.

ट्रेनरचे, सर्जनबाईंचे, खिचडी आणणाऱ्या त्या मुलांचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. यशूचा बाहेर बसण्याचा सीझन संपला. रक्त पातळ करणारी गोळी थांबली आणि तिला पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. आता ती स्पर्धेत उतरते. बटरफ्लायचा वेग पूर्वीसारखा नाही. कदाचित येईल, कदाचित नाही.

गेल्या रविवारी इथल्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर एका काकूंनी तिला जवळ बसवलं आणि कौतुकाने विचारलं, “काय गं, आता कुठल्या कंपनीची ॲड करतेस?”

“कुठलीच नाही, काकू,” यशू म्हणाली. “सध्या नुसती पोहते.”