रॉकेल पिणारी फटफटी

मला चिंचवडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. दिवेलागणीच्या आत घरात पाऊल पडलं पाहिजे. एक दिवस जरी चुकला तरी नोकरी बंद आणि येत्या लग्नसराईत बोहल्यावर. चाकणच्या आमच्या आळीत वडिलांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. मी सोडून. मी पहिल्यापासून तोंडाळ.

संध्याकाळची एस.टी. अंधार पडल्यावर पोचायची. त्यामुळे माझी सगळी मदार थोरल्या भावाच्या फटफटीवर. भाऊ पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधाच्या कारखान्यात होता आणि लष्करानं मोडीत काढलेली फटफटी त्यानं लिलावात घेतली होती. सकाळी तो मला शाळेशी उतरवायचा, शिफ्ट सुटली की परत घ्यायचा. पदर दातात धरून, धूळ खात मी मागं बसायची. लोक टकामका बघायचे. बघेनात का, माझं काय जातंय.

फटफटीच्या टाकीत काय घालायचं ते मात्र वडील ठरवायचे. त्याला कारण होतं. आमच्या विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन होतं. त्याला दोन टाक्या, लहानीत पेट्रोल, मोठीत रॉकेल. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर सोडायचं. मग कांद्याचे वाफे भिजेपर्यंत ते बिनतक्रार ठोके देत राहायचं. त्या इंजिनाची नाडी वडिलांइतकी गावात कुणाला कळत नव्हती. फटफटी म्हणजे तरी इंजिनच की. तिला टाकी एकच, म्हणून ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं पेट्रोलात रॉकेल मिसळून ठेवायचे.

"तापलेल्या इंजनाला काय कळतंय, आपण काय पितोय ते," असं वर म्हणायचे.

फटफटीला चांगलं कळत होतं. सकाळी किक मारून मारून भाऊ मेटाकुटीला यायचा. मागून धूर, प्लगवर काजळी. सपाटीला कशीबशी पळायची, पण परतताना मोशीपुढं इंद्रायणी ओलांडून चाकणकडचा चढ लागला की आतून डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड सुरू व्हायची आणि तिच्यातला जोरच निघून जायचा. मी उतरून मागून ढकलायची. हात गाडीला आणि डोळे मावळतीला. नोकरी जाते की राहते, ते रोज त्या चढावर ठरायचं.

चहाच्या दुकानात कुणा ट्रकवाल्यानं भावाला सांगितलं, टाकीत डांबरगोळ्या टाक, पेट्रोलाची ताकद वाढते. टाकल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर. गोळ्यांचा न विरघळलेला गाळ पेट्रोल गाळायच्या जाळीत अडकला आणि फटफटी सपाटीलाही बंद पडायला लागली. शिवाय त्या वासानं माझी साडी भरली. "बाई, ट्रंकेतून आलात काय?" वर्गातल्या एका पोरीनं विचारलं. मी तिला दटावलं आणि मग मलाच हसू आलं.

जाळी साफ झाली, गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर एकदा चिंचवडलाच टाकी कोरडी पडली. भावानं पंपावर निव्वळ पेट्रोल भरलं. त्या संध्याकाळी फटफटी चढ मुकाट चढून गेली. खडखड नाही, धूर नाही, मला उतरावंसुद्धा लागलं नाही. घरी पोचलो तर म्हशींच्या धारा काढायच्या होत्या अजून.

मी वडिलांना तोंडावर सांगितलं, "दोष गाडीचा नाही, तुमच्या रॉकेलचा आहे."

"हिरीवरचं कदी कुरकुरलं न्हाई," ते म्हणाले. "तुज्या भावाचा हात बरा न्हाई." आणि पुन्हा रॉकेलचा डबा घेऊन फटफटीकडे गेले.

पुढच्याच शनिवारी फटफटी चढावर जी बंद पडली ती हललीच नाही. आम्ही ती ढकलत घरी आणली. घरोघर दिवे लागले होते. वडील ओट्यावर कंदील घेऊन बसलेले. भावानं मान खाली घातली.

"नोकरी सोडते," मी म्हणाले. "पण आधी एकदा तुम्ही हिच्यावर बसा. त्या चढावर."

ते कंदील उचलून आत गेले. मी न जेवता पडून राहिले आणि खूप रडले.

रविवारी सकाळी वडिलांनी फेटा बांधला आणि जन्मात पहिल्यांदा फटफटीवर मागं बसले. सोबत पेट्रोलचा डबा घेतला. रात्रीत गार झालेली गाडी भावानं किक मारून मारून कशीबशी चालू केली. पुढचं भावानं सांगितलं. चढावर खडखड सुरू झाली तसे वडील उतरले, टाकीवर तळहात ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग रॉकेल मिसळलेलं सगळं काढलं, निव्वळ पेट्रोल भरलं आणि परत नदीपासून चढायला लावलं. विहिरीवरचं इंजिन एका चालीत, बेतानं चालतं. फटफटीचं इंजिन आतला वायू जास्त दाबतं, त्यात चढाचा भार, तिथं रॉकेल वेळेआधीच भडकतं. हे मी पुढं पुस्तकात वाचलं. वडिलांना ते त्या सकाळी कानानं कळलं.

दुपारी ते जेवायला बसले. ताटातून मान वर केली नाही.

"त्ये इंजन येगळं, ह्ये येगळं," ते म्हणाले. "माजं चुकलं."

दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "आता उशीर झाला तर गाडीला इचारीन. तुला न्हाई."

 मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.