शिंगराचा उजवा पाय

ती सकाळ अजून डोळ्यांपुढे येते. पोलीस ठाण्याच्या आवारात धुकं उतरलेलं, कडुनिंबाखाली एक काळंभोर शिंगरू, आणि चहाचा कप हातात धरून मी नोकरी विसरून त्याच्याकडे बघत बसलेलो.

त्याच्या चार दिवस आधी रोहिणखेडकडच्या एका बाईनं चोरीची फिर्याद दिली होती. नवऱ्यामागं वरातीला घोडी देऊन ती घर चालवत असे. घोडी म्हातारी झाली, म्हणून तिच्या जागी विकत घेतलेलं हे दीड वर्षाचं शिंगरू तयार होत होतं. ते गेलं म्हणजे चूलच गेली. वर्णन विचारलं, तर कपाळावर पांढरा टिळा एवढं सांगून ती थेट शिंगराच्या पायांकडे वळली.

"विकणाऱ्यानं त्याले गवतात उभं केलं होतं, साहेब. मी कडक जमिनीवर आणलं. पुढून पाह्यलं, त उजवा पाय गुडघ्यापासून बाहेर वळेल होता. त्याच्यावरच भाव पाडला."

हवालदार हसला. मी मात्र सगळं लिहून घेतलं, तेव्हा उगाचच.

मग सोनाळ्याकडच्या एका नालबंदानं खबर दिली, की एका शिंगराच्या कपाळाला केस रंगवायच्या औषधाचा वास येतो. आम्ही शिंगरू आणि ते बाळगणारा माणूस दोन्ही आणले. माणूस भलताच गोडबोल्या. बाजारात घेतलं, म्हणे. आणि रंग? "हौस, साहेब!"

"घेताना पाय पाहिले?"

"हाव त! चारही तपासले. एकदम सरळ. खोट काढून दाखवा."

मी शिंगराला फरशीवर चालवायला लावलं. झोपेत चालल्यासारखं ते धुक्यातून आलं. पावलागणिक उजवा खूर बाहेर वळत होता. घोडं घेणारा आधी खोटच हुडकतो, भाव पाडायला. याला ती ठाऊकच नव्हती.

"आता खरं बोल बे," हवालदार म्हणाला.

तो मटकन खाली बसला. "घेताना पाय पाह्यतेत, साहेब. चोरताना कोन पाह्यते?"

कोर्टाच्या हुकमानं शिंगरू बाईच्या ताब्यात दिलं. सुपूर्दनाम्यावर सही करण्याआधी तिनं तो पाय वरपासून खुरापर्यंत चाचपला.

"वाकडाच हाय, साहेब," ती रडत म्हणाली. "माहंच हाय."

त्यानंतर हक्क सांगायला आलेल्या कुणालाही मी वस्तूचे गुण विचारले नाहीत. खोट विचारली.