लागलेला फोन

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

मेढ्याच्या एक मावशी आमच्या साताऱ्याच्या सायबर कॅफेत आल्या, अमेरिकेतल्या लेकाशी इंटरनेटवरून बोलायला. तासभर खटपट केली, पण हेडफोनमध्ये आवाज येईना. शेवटी म्हणालो, "मावशी, नाही लागत."

"ऱ्हाऊ दे बाबा," माईकसमोरच त्या म्हणाल्या. "बाप गेल्याचं त्येला कळवू नगा म्हनत्यात समदी, परीक्षा हाय त्येची. माज्या तोंडातनं निघालंच असतं."

तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली, "आई, आण्णा कवा गेलं?"

आमचा मेला राउटर फक्त येणारा आवाज अडवत होता. जाणारा नीट जात होता.

मावशींना वाचता येत नाही. त्या मलाच विचारत होत्या, "लागला व्हय रं?"

काय सांगायचं होतं मी?