कॅलेंडरात गुंडाळलेली पोथी

देवधर्माशी माझा संबंध प्रसादापुरताच होता. आई दर सोमवारी सिद्धेश्वराला जायची, येताना प्रसाद आणायची आणि मी तो खायचो. त्यामुळे दारू सोडायची वेळ आली तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो, देवाकडे जायचं सुचलंही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी एक पुस्तक हातात ठेवलं. कुणा एका माणसानं आपली दारू कशी सुटली ते त्यात लिहिलं होतं. वाचून दारू सुटत असती तर वाचनालयांसमोर रांगा लागल्या असत्या, असं मला वाटलं. या खेपेला जमलं नाही तर सुनंदा, माझी बायको, घर सोडणार होती. तसं तिनं आवाज न चढवता सांगितलं होतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी कटिंग मास्तर आहे. दिवस कसाही निघायचा. खरी पंचाईत संध्याकाळची. कारखाना सुटला की पाय आपोआप ठरलेल्या गल्लीकडे वळायचे. म्हणून मी सरळ शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पुस्तक उघडायचं ठरवलं. त्याच्या मुखपृष्ठावर भला मोठा दारूचा ग्लास होता. शेजाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून सुनंदानं जुन्या कॅलेंडरचं पान काढून त्याला कव्हर घातलं. पानावर सिद्धेश्वराचं चित्र होतं, ते नेमकं वर आलं.

आई सांगोल्याकडची. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, अक्षराशी गाठ नाही. तिनं माझ्या हातात देवाचं चित्र पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा पाट मांडलेला होता, समई लावलेली होती, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलेलं होतं. "आंघूळ करून बस," ती म्हणाली. "आन् अध्याय संपल्याबिगर उटायचं न्हाय. पोथी अर्धी सोडली की देव बी अर्ध्यावर सोडतोय." मी सुनंदाकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. आईचा गैरसमज दूर करायचा तर कव्हर काढून दाखवावं लागलं असतं. मी मुकाट्यानं आंघोळ करून पाटावर बसलो.

आई समोर हात जोडून बसायची, म्हणून मोठ्यानं वाचावं लागे. तो माणूस पिऊन गटारात पडला, त्यानं बायकोच्या बांगड्या विकल्या, हे सगळं समईच्या उजेडात वाचताना पहिल्यांदा माझीच जीभ अडखळली. आईला मात्र काही खटकलं नाही. "मोठं मोठं महाराज बी आदी असंच असत्यात," ती म्हणाली, "पुडं सुदरत्यात की."

मग ती संध्याकाळ आली. कारखान्यात माझ्या हातून कापडाचा अख्खा थर चुकीचा कापला गेला होता. डोक्यात एकच गोष्ट होती. वाचत होतो तो भागही नेमका तसलाच, त्या माणसानं बऱ्याच महिन्यांनी पुन्हा ग्लास उचलला होता. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. पिण्यातला जुना सोबती होता. मी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "आरं, अध्याय राह्यलाय." मी ऐकलं नाही. उठलो, चप्पल पायात घातली आणि दार उघडलं.

दारात एक बाई उभी होती. हातात नारळ. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पद्माक्का, घर तेलुगू, नवरा यंत्रमागावर कामाला. येता-जाता पाहिलेल्या, बोलणं कधी झालेलं नव्हतं. "दादा, आईनी सांगितले तुमच्यात पोथी लागलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बसू का ऐकायला?" दार अडवून त्या उभ्या, मागे पाटाजवळ आई. खाली हॉर्न पुन्हा वाजला. मी चप्पल काढली. का काढली, हे मला आजही सांगता येणार नाही.

अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. काही गाळावं असं मनात आलं, पण गाळलं नाही. पद्माक्का मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग पुढं? सुटलं का त्येचं?" पुढचं मी वाचलेलं नव्हतं. "उद्या वाचू," म्हणालो. त्यांनी डोळे पुसले. "आमचे मालक बी असंच हायेत, दादा. उद्या मी येते." खाली हॉर्न वाजायचा केव्हाच थांबला होता. त्या संध्याकाळी माझी दारू टळली ती माझ्या निग्रहानं नव्हे. एका बाईला पुढं काय होतं ते ऐकायचं होतं, म्हणून टळली.

पुस्तक संपलं त्या दिवशी आईनं उद्यापन केलं, पुरणपोळी झाली. पुस्तक उचलताना झिजलेलं कव्हर निसटलं आणि ग्लासाचं चित्र उघडं पडलं. आईनं चित्र बराच वेळ निरखलं, कव्हर पुन्हा नीट घातलं आणि वरून कुंकू लावलं. "तू बसलास न्हवं? मग पोथीच की ती," एवढंच म्हणाली. तिच्या पायावर डोकं ठेवताना मला रडू आलं.

पद्माक्कांच्या नवऱ्याला मराठी ऐकून कळतं, पण वाचता येत नाही, वाचायला तेलुगूच येतं. म्हणून हल्ली कामावरून सुटलो की मी त्यांच्या घरी जातो. त्या पाट मांडतात, समई लावतात आणि मी पहिल्या पानापासून वाचतो. माझी ती अवघड वेळ आता अशी जाते. देवानं हे घडवलं का, मला ठाऊक नाही, मी विचारतही नाही. ज्यानं कुणी त्या संध्याकाळी दारात नारळ घेऊन माणूस उभं केलं, त्याला मनातल्या मनात हात जोडतो आणि पुस्तक उघडतो. काल अर्ध्यातच पद्माक्कांचे मालक चुळबुळले, उठून दाराकडे निघाले.

"बसा," मी म्हणालो. "अध्याय संपल्याबिगर उठायचं नाही."

ते बसले.