चंद्रीला देवी आल्या

आमची चंद्री दीड दिवस देवस्थान होती. त्याला कारण मी.

वाघोलीत शेतं गेली, इमारती आल्या. तरी सासूबाईंनी घरामागे पत्र्याच्या गोठ्यात एक गाय ठेवलीच होती. दूध केव्हाच आटलं होतं. ती नुसती लाडाची. (आमच्या घरात लाड फक्त तिचेच. माझे तर नाहीतच, ह्यांचेही नाहीत!) लंपीची साथ आली आणि एका सकाळी चंद्रीच्या अंगावर गाठीच गाठी. तिने चारा सोडला.

डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं. "माश्या, डास येऊ देऊ नका. आणि ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना तर गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका."

माझं माहेर पुण्यातलं कर्वेनगर. कुठल्याही संकटावर पाटी, हा आमचा प्रथमोपचार. मी खडू घेतला.

"लंपी लिहू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "रोगाचं नाव दारावर चांगलं न्हाई. देवी लिही. गाठी, फोड आले की आमच्यात देवीच म्हणत्यात."

वाद घालायला वेळ नव्हता. लिहिलं : 'गाईला देवी आल्या आहेत. लांबूनच पाहावे.'

संध्याकाळी समोरच्या टॉवरमधल्या दोघीजणी नारळ घेऊन फाटकात!

"काकू, दर्शनाची वेळ काय?"

"कसलं दर्शन? गाय आजारी आहे!"

"असं नका हो म्हणू. देवी कुठल्याही रूपात येते."

(देवी नावाचा रोग होता, हे आठवणारं आता आहे कोण?)

सकाळी रांग लागली. मी पाटी पुसून 'आत येऊ नये' लिहिलं. "सोवळं कडक दिसतंय!" म्हणून रांग वाढली. डॉक्टरांना स्कूटर लावायला जागा मिळेना.

"बाई, मी माणसं लांब ठेवा म्हणालो होतो. जत्रा भरवा नव्हे!"

मी सगळ्यांना हाकललं. त्या गडबडीत कुणीतरी फेकलेला झेंडूचा हार चंद्रीच्या तोंडापुढे पडला. तिने तो हुंगला आणि खाल्ला!

"खाल्लं गं बाई!" सासूबाई रडायलाच लागल्या. "देवी पावली!"

"देवी नाही, झेंडू," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच फुलवाल्यापुढे मीच!

"ताई, एवढे हार कुठल्या देवळात?"

"बांधा हो मुकाट्याने."

चंद्रीने हाराकडे पाहिलं आणि मान खाली टाकली. दुपारी गेली. लांब माळावर खोल खड्डा खणला, चुना टाकला. सासूबाई रिकाम्या गोठ्यात दावं गुंडाळत बसल्या. गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

पुढच्या सकाळी मी मटार सोलले, टरफलांचं ताट उचललं आणि सरळ गोठ्यात जाऊन खुंट्यापुढे उभी राहिले.

"काय गं?" दारातून सासूबाई.

"ओला कचरा टाकायला आले."

"त्यो डबा फाटकापाशी हाय."

"माहीत आहे मला!" मी खेकसले आणि तरातरा निघाले. एवढं मोठं लोखंडी फाटक, पण मेलं मला दिसेचना.