लाकडी मुठीचा पेचकस

"पयले आयकू द्या."

गाडी कोणाचीही असो, चाचांचं पहिलं वाक्य हेच. मग ते हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, उचलायचे, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दुसरा हात वर. हात वर गेला की आपण गप्प बसायचं. तहसील कचेरीतला साहेब असला तरी गप्प. मी पेशानं नर्स. आमच्या स्टेथोस्कोपला दोन नळ्या असून मला जेवढं ऐकू येत नाही, तेवढं या माणसाला एका पेचकसातून ऐकू यायचं, याचा मला, खरं सांगते, राग यायचा.

घाटंजीत बाजाराकडे जाताना निंबाच्या झाडाखाली त्यांचं टिनाचं शेड होतं. शुक्रवारी दुपारी बंद, एरवी उघडं. जुन्या फटफट्या दुरुस्त करण्यात त्यांच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्याकडे काम असलं की आधी त्याची मर्जी सांभाळावी लागते. चाचांची मर्जी सांभाळायला एकच गोष्ट पुरे होती. जुन्या गाडीत काही बदल करा, असं म्हणायचं नाही.

एकदा कॉलेजातला एक पोरगा आजोबांची गाडी घेऊन आला. मडगार्ड कापायचं, हँडल रुंद करायचं, सायलेन्सर असा लावायचा की बाजारातल्या म्हशी उधळल्या पाहिजेत. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आजोबा आहेत का घरी, असं विचारलं. आहेत म्हणाला. "मंग त्याईलेबी घेऊन ये. मिशा कापून टाकू, दोघाईचं एकाच दिवशी होऊन जाईन." पोरगा गेला तरी चाचांची बडबड चालूच. ती नेहमी एकाच वाक्यावर येऊन थांबायची, "कंपनीले अक्कल नोती काय?"

कंपनीनं दिलं तसंच राहिलं पाहिजे, एवढाच त्यांचा कायदा. त्यासाठी वाटेल ते. एका गाडीच्या हेडलाइटची रिंग कुठं मिळेना. राजूरला कोळसा खाणीतून रिटायर झालेल्या माणसाकडे तशीच गाडी पडून आहे, असं कळल्यावर चाचा एसटीनं वणीला आणि तिथून राजूरला गेले. तो माणूस रिंग द्यायला तयार होता, पण त्याच्या बायकोची शिलाई मशीन बंद होती. ती चाचांनी चालू केली, तर शेजारणीनं आपली बाहेर काढली. चाचा तिसऱ्या दिवशी परत आले. रिंग जुनी होती, एका बाजूनं चेपलेली होती, आणि ती दाखवताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

माझ्या बाबांचं आणि त्यांचं फार जमायचं. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस दोन बोटांत धरून ओढला की धागा किती लांब ते सांगायचे. एकाची बोटं आणि दुसऱ्याचा कान, म्हणून दोघांना एकमेकांची कदर होती. बाबा फटफटीवरूनच "सलाम मिस्त्री" म्हणायचे आणि चाचा शेडमधून "जयभीम भाऊ" म्हणायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. उलटं कधी झालं नाही.

मग ती वर्षं आली. कापसाचा भाव पडला, बोंडात अळी शिरली, आणि केंद्राला कुलूप लागलं. बाबा घरी बसून नुसते बोटं चोळायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. त्यांची फटफटी ओसरीत चादर पांघरून उभी राहिली. मला ती उघडी बघवत नव्हती.

माझ्या उपकेंद्राखाली सात गावं होती आणि एसटी दोनच गावांत जायची. बाकी सगळं पायी. फवारणीच्या दिवसांत एका दुपारी निरोप आला की फवारणीच्या शेतात निंदणारी एक बाई चक्कर येऊन पडली, तोंडाला फेस आहे. मी निघाले. नाला ओलांडून निम्म्या वाटेत आले तर समोरून तिला बैलगाडीत घालून आणत होते. ती वाचली. मी वेळेवर पोचले म्हणून नाही, तर गाडीवाल्यानं जिवाच्या आकांतानं बैल पळवले म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी ओसरीतल्या फटफटीवरची चादर ओढून काढली.

अडचण एकच होती. माझी उंची चार फूट दहा इंच. सीटवर बसले की दोन्ही पाय हवेत. बाबांच्या मागं बसून मी गाडी शिकले होते ती नुसती डोळ्यांनी.

दोन शेजाऱ्यांना ढकलायला लावून गाडी चाचांकडे नेली. त्यांनी प्लग साफ केला, पेट्रोल बदललं, दहाव्या किकला गाडी बोलली आणि चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, चाचा, आता हिला माझ्या मापाची करा. मागचे शॉकप आखूड करा, गादी कापून पातळ करा, किक आणि गिअरचा दांडा माझ्या पायाला येईल असा वाकवा. चाचांच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथं आटलं.

"सिस्टर, हे काम माह्या हातानं होनार नाही. भाऊची गाडी आहे. कंपनीले अक्कल नोती काय?"

त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. गाडी पूर्ववत करायची, नव्यासारखा रंग, टाकीवरची मूळची पट्टी, सगळं. नागपूरला त्यांच्या ओळखीचा एक शौकीन होता, तो असल्या गाड्या बैठकीच्या खोलीत ठेवायचा. त्याला ती द्यायची आणि त्या पैशांत मी नवी स्कूटर घ्यायची. पण एकदा काप लागला की तो शौकीन गाडीकडे बघणारसुद्धा नाही, हेही त्यांनी बजावलं. मी विचारलं, तुमची स्कूटर काळ्या मातीच्या चिखलातून नाल्यापलीकडं जाईल काय? ते म्हणाले, भाऊची गाडीबी खराब होईन त्या चिखलात. होऊ दे की. बाबांची गाडी कोणाच्या तरी सोफ्याशेजारी मला नको होती. मला ती चिखलानं माखलेली पाहिजे होती.

दोनदा भांडून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. चाचा अर्धे पाठमोरे बसून एका इंजिनवर पेचकस टेकवून होते. नेहमीसारखे डोळे मिटलेले. पण मूठ कानाशी नव्हती, दातांत धरलेली होती.

मी जागीच थांबले. त्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा मी मागून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चाचा, तुमच्या शर्टाला आग लागली." त्यांनी हात पुसले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी विडी काढली आणि शांतपणे पेटवली.

आता मला एकेक आठवायला लागलं. हल्ली हे माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघतात. हल्ली हाक मारली तर गुर्मीत असल्यासारखे वळत नाहीत. मी समोर जाऊन स्टुलावर बसले, ओठ नीट दिसतील अशी, आणि विचारलं, कधीपासून?

चाचांनी आधी रस्त्याकडं पाहिलं. मग एकदम म्हातारे दिसायला लागले. लहानपणापासून कान वाहायचा, एक गेला, मग दुसरा. मी बॅटरी काढून पाहिलं, दोन्ही पडदे फाटलेले. पेचकस दातांत धरला की आवाज हाडातून आत जातो, हे त्यांना आपोआप कळलं होतं आणि त्यावर सगळं चाललं होतं. "सिस्टर, कोनाले सांगू नोका," ते म्हणाले. "बहिऱ्या मिस्त्रीकडं कोन येईन?"

मला भडभडून आलं. तरी मी नर्स आहे आणि तोंडाची फटकळ आहे, त्यामुळे जे बोलायचं ते बोललेच.

"चाचा, कंपनीनं तर कान देल्ले होते आयकाले. तुम्ही दात काहून लावले?"

त्यांनी बोट वर आभाळाकडं केलं. ती कंपनी वेगळी, तिला मधात आणू नको, असा त्याचा अर्थ. मग विडी जमिनीवर घासून विझवली. माझ्याकडं न बघता पुटपुटले, "काम चालू राह्यलं पाह्यजे न, माय."

"मलेबी तेच पाह्यजे," मी म्हटलं.

त्यांनी ते ओठांवरून वाचलं. आठ दिवस लागले. कापताना ते कोणाला तरी शिव्या देत होते, बहुतेक मलाच. पण काढलेली एकही वस्तू टाकली नाही. मूळचे शॉकप, किक, गिअरचा दांडा, नट-बोल्टसुद्धा तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका चौकोनी डब्यात ठेवलं आणि डब्यावर रंगानं लिहिलं, 'भाऊची गाडी'. म्हणाले, "ज्या दिवशी तुह्ये पाय लांब होतीन त्या दिवशी सांग. वापस लावून देतो." गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवली, बाजाराचा दिवस सोडून रोज सकाळी. किकमध्ये पिस्टन कुठं आहे ते पायाला कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. माझ्या पिंढऱ्या काळ्यानिळ्या झाल्या, पण कळायला लागलं.

सातही गावांत मी फटफटीवाली सिस्टर झाले. नंतरच्या फवारणीच्या दिवसांत मी तीनदा बैलगाडीच्या आधी पोचले. हे मी चाचांना समोर बसून सांगितलं. ते म्हणाले, चेन ढिली आहे, आन इकडं.

त्यांचं गुपित मी कोणाला सांगितलं नाही. उलट गिऱ्हाइकांना दम देत राहिले की चाचांशी समोर उभं राहून बोला, मागून बोललेलं त्यांना खपत नाही. सगळं घाटंजी त्यांना गर्विष्ठ समजायला लागलं. ते मात्र माझ्याकडं बघून मिशीत हसायचे.

मग माझी बदली फुलसावंगीकडं झाली. गाडी सोबत नेली. चाचा गेले त्या दिवशी मी लसीकरणाच्या सत्रावर होते. कळलं तेव्हा माती देऊन झाली होती. मी तिथंच पोरांच्या आयांसमोर रडले. महिन्याभरानं चाचींनी कोणाच्या तरी हाती एसटीनं एक डबा पाठवला. 'भाऊची गाडी'. आत सगळं जसंच्या तसं, तेल ताजं लावलेलं, आणि सगळ्यात वर तो पेचकस. लाकडी मुठीवर दातांच्या खोल खुणा होत्या, वर आणि खाली.

त्याच आठवड्यात गाडी टकटक करायला लागली. इथला मिस्त्री म्हणाला, मॅडम, इंजिन खोलावं लागेल, आणि पाना घेऊन बसलासुद्धा.

"पयले आयकू द्या," मी म्हटलं.

मूठ आधी स्पिरिटनं पुसली, ती सवय जात नाही. टोक इंजिनवर टेकवलं, मूठ दातांत धरली. चाचांच्या खुणांत माझे दात बसेनात, थोडं पुढंमागं केलं तेव्हा बसले. मी डोळे मिटले आणि दुसरा हात वर केला. मिस्त्री गप्प झाला.